पुंजारामची अफू

माझ्या बापाने, पुंजारामने, अठरा वर्षांची अफू एका दिवसात सोडली, असं सांगणारे अकोल्यात अजून भेटतात. सांगताना ते हात जोडतात. माझी मात्र तळपायाची आग मस्तकाला जाते. कारण ते खोटं आहे, आणि त्या खोट्यापायी पातूरचा एक माणूस मेला. खोटं रचणारा मीच. तेव्हा खरं काय झालं तेही मीच सांगतो. ऐकून कोणाला राग आला तर येऊ द्या, मला तो कितीतरी वर्षांपासून येतोच आहे.

अडतीस साली सरकी काढायच्या कापसाच्या जिनाच्या रुळात बाचा उजवा हात गेला, मनगटाच्या वर चार बोटं. जखम तीन महिन्यांत भरली. पण जो हात उरलाच नव्हता तो दुखायचा राहिला नाही. बा म्हणायचा, मूठ आवळून बसली आहे, नखं तळव्यात रुतताहेत आणि मूठ काही उघडत नाही. जिनाचा मॅनेजर हसला. आमची वस्तीही हसली, ते जास्त लागलं. "हात गेला पुंजाराम, अन् दुखनं तुयापाशी ठेवून गेला काय?" शेवटी जिनातल्याच एका म्हाताऱ्या हमालाने त्याला मुगाएवढी अफू दिली. अर्ध्या तासात बा म्हणाला, "मूठ उघडली." त्या दिवसापासून अफू सुरू झाली. सरकारी ठेक्याच्या दुकानातून कार्डावर मिळायची. मुगाची हरभऱ्याएवढी झाली, मग तेवढीच राहिली.

अफू खाणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यात लोळणारा माणूस येतो. माझा बाप लोळला नाही. त्याच जिनाच्या फाटकावर डाव्या हातात काठी घेऊन अठरा वर्षं उभा राहिला, मला मॅट्रिक केलं, बहिणींची लग्नं केली. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एवढं करून दाखवावं.

मी जठारपेठेत हरिहर डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. मिक्श्चर कालवायचं, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवायची, पुड्या बांधायच्या. डॉक्टरांच्या हाताला गुण होता, ते नाकारत नाही. जिभेला मात्र नव्हता. "देवमन हे नाव कुठल्याही जातीत खपतं, म्हणून तुला ठेवलाय हो," असं ते पेशंटसमोर हसत हसत म्हणायचे, आणि मीही हसायचो. ते हसणं आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

छप्पन सालच्या दसऱ्याला आमची अख्खी वस्ती नागपूरला गेली. बाही गेला, मायही गेली. लाखो माणसांत उभं राहून बाने बुद्ध, धम्म, संघाला शरण जातो म्हटलं, पंचशील घेतलं. पाचवं शील नशेचं. सगळे दारूचा विचार करत होते. माझ्या बापाने कनवटीची डबी काढली आणि सगळी अफू तिथल्या मातीत पायाने घोळली. कार्डही फाडलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. धर्मपालने ते पाहिलं आणि त्याला मिठी मारली.

धर्मपाल आमच्याच वस्तीतला, तालुक्याच्या जनपद सभेच्या कचेरीत कारकून. आधीचं नाव टाकून त्याने हे घेतलं होतं. प्रामाणिक माणूस, पण स्वतः कधी न दुखलेला. असल्या माणसाला दुसऱ्याच्या सहनशक्तीबद्दल फार खात्री असते.

परतीच्या गाडीत बाला जांभया येऊ लागल्या, नाक गळू लागलं. सर्दी झाली असेल असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी अकोल्यात वस्तीने घराघरातले देव गोळा केले. मायने मरीआईचा टाक पदरात घेतला, मोर्णा नदीच्या पाण्यात सोडला आणि मागे न पाहता घरी आली. त्याच संध्याकाळी बा जमिनीवर पडला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. आंगावर काटा, घाम, पोटात मुरडा, तासातासाला जुलाब. पाय आपोआप झाडायचा. जिनाने नेलेला हात तर असा दुखायचा की अठरा वर्षांचं दुखणं एकदम वसुलीला आल्यासारखं. पांघरूण आंगाला लागलं तरी ओरडायचा. जिथे कधी मार लागला नव्हता तिथेही दुखायचं. "हाडं काढून घ्या रे कोनी," म्हणायचा.

वस्तीत नत्थुजी नावाचा देवीचा भगत होता. त्याने दीक्षा घेतली नव्हती. तो येऊन आमच्या उंबऱ्यासमोर चांगला मांडी घालून बसला.

"टाक पान्यात सोडला ना? आता भोगा. तिचा कोप हाये हा."

धर्मपाल आत बाच्या उशाशी. "दादा, डगमगू नोका. चाळीस घरं तुमच्याकडं पाहून राहिली. तुमी हारले तं सारे देव वापस येतीन."

म्हणजे बाहेरच्याला बापाचं दुखणं देवीसाठी हवं होतं आणि आतल्याला धम्मासाठी. खुद्द बासाठी ते कोणालाच थांबवायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दोन घरांनी नवे टाक करून आणले. मायने सकाळी टोपलं उचललं आणि मोर्णेची वाट धरली. मी आडवा गेलो.

"कुठं चालली?"

"टाक पाहाले. अजून वाहून गेला नसंन."

"माय, तू परवाच सोडला ना तो?"

"मी सोडला. पन त्याले सोडलं नाई तिनं," माय म्हणाली. "माहा माणूस मरून राहिला देवमन. मले शील पाहू का त्याले पाहू?"

तिला घरी बसवलं आणि मी धावत दवाखान्यात गेलो. हरिहर डॉक्टर इंग्रजी मासिक वाचत होते. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अफू सुटली की असंच होतं. मज्जातंतू चवताळतात. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं उसळून येतं. त्यात देव नाही आणि दानवही नाही. आठ-दहा दिवसांत उतरेल."

मला वाटलं, सुटलो! एवढंच तर हवं होतं. म्हटलं, "साहेब, एवढंच वस्तीत येऊन सांगा. पाच मिनिटं. तुमचा शब्द लोक मानतात. देवीचा कोप नाही, अफू निघून चालली आहे, एवढं बोला."

"मी? तुमच्या वस्तीत?" ते हसले. "अरे, कालपर्यंत तुमची देवी होती, आज तुमचा बुद्ध आहे. तुमचं तुम्ही मिटवा. मी कशाला मध्ये पडू? जा, बाहेर चार बाटल्या धुवायच्या राहिल्यात."

मी बाटल्या धुतल्या. हो, धुतल्या. त्यांच्या टेबलावर आपटायला हव्या होत्या, पण नोकरी होती. मग ते व्हिजिटला निघून गेले. विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची. मी टिंक्चर ओपियमची बाटली काढली आणि जुलाबाच्या खडूच्या मिक्श्चरमध्ये तीन चमचे ओतलं. टिंक्चर ओपियम म्हणजे अफूचाच अर्क. बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवली, अगदी सरळ, नेहमीसारखी.

"बा, डॉक्टरनं जुलाबाचं औषध दिलं."

"नशेचं तं नाई ना?"

"नाई. खडूचं आहे."

दुपारपर्यंत पाय झाडणं थांबलं. संध्याकाळी बा उठून बसला, भाकर मागितली. मायने हंबरडा फोडला, आनंदाचा. धर्मपालने वस्तीला बोलावून दाखवलं. नत्थुजी उठला, धोतर झटकलं आणि गेला. टाक परत आणलेल्या दोन घरांनी ते पुन्हा मोर्णेत सोडले.

मी रोज औषध आणत राहिलो. रोज आधीपेक्षा थोडं कमी ओतायचो. लोकांना वाटेल, किती अक्कल या पोराला! अक्कल नव्हती, भीती होती. बाटलीतलं औषध किती उरलं ते डॉक्टर दर शनिवारी पाहायचे. चोराच्या मनात चांदणं. म्हणून मी तीनाचे अडीच केले, अडीचाचे दोन, मग एक, मग अर्धा, मग थेंब. एकविसाव्या दिवशी निव्वळ खडू होता. बाच्या काही ध्यानातही आलं नाही. हात दुखायचा, पण पूर्वीसारखा सहन होईल इतकाच.

हे असं का झालं, ते मला फार पुढे कळलं. साठ सालानंतर नागपूरला एका औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. तिथे उंदरांना महिनाभर मॉर्फिन टोचायचे आणि एकदम बंद करायचे. मग जो पत्रा आधी त्यांना नुसता कोमट वाटायचा, त्यावरही ते चिरकत उड्या मारायचे. पत्रा तोच, उंदीर तोच. मी पिंजऱ्यासमोर उभा राहायचो आणि मला बाचा पाय दिसायचा. नेमकं कारण शोधायला शास्त्रज्ञांना आणखी बरीच वर्षं लागली. निवृत्तीनंतरही मी ते हुडकून हुडकून वाचत राहिलो.

मी ते माझ्या बायकोला सासू-सुनेच्या भाषेत सांगायचो. दुखणं म्हणजे रडणारं पोर. मेंदूत काही पेशी आईसारख्या असतात, पोराला थोपटून गप्प करणाऱ्या. पण त्यांच्यावर दुसऱ्या पेशी बसलेल्या असतात, सासूसारख्या. त्यांचं काम एकच, आईला उठू न देणं. अफू पोराला हात लावत नाही, ती सासूला झोपवते. मग आई मोकळी होते, पोराजवळ जाते आणि रडणं थांबतं. पण रोज रोज झोपवलेली सासू आतून कडक होत जाते. ज्या दिवशी अफू एकदम बंद होते, त्या दिवशी ती दुप्पट जोराने जागी होते आणि आईला जागची हलू देत नाही. पोर रडत सुटतं, आणि काही लागलेलं नसतानाही रडतं. थोडी थोडी कमी केली तर सासूही थोडी थोडी निवते. "म्हणजे तुमच्या डोक्यातबी सासूच," बायको म्हणायची. हो बाई, आणि माझ्या बापाला वाटत होतं आपलं शील कमी पडलं.

तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. पण एवढं माहीत होतं की बा जे सांगतो ते घडलेलं नाही.

आणि बा सांगू लागला होता. धर्मपाल त्याला घेऊन गावोगाव फिरायचा. अमरावती झाली, तिवसा झालं, खेडी झाली. बा मंचावर उभा राहून थोटा हात वर करायचा. "अठरा वर्सं खाल्ली. एका दिवसात सोडली. तीन दिवस नरक पाह्यला अन् चौथ्या दिवशी उठून बसलो. मी थोटा माणूस करू शकतो, तुमाले काय धाड भरली?" टाळ्या पडायच्या. आयुष्यभर फाटकावर उभ्या राहिलेल्या माझ्या बापाला लोक खुर्ची द्यायचे. मी मागे बसून ते पाहायचो आणि म्हणायचो, असू दे, कोणाचं काय बिघडतं? बापाचा मान हिरावून घेणारा मी कोण? हा विचार मला तेव्हा फार मोठ्या मनाचा वाटायचा. भित्र्या माणसाला आपली भीती नेहमी मोठ्या मनाचीच वाटते.

सत्तावनच्या मे महिन्यात, बुद्धजयंतीच्या आधी, बा पातूरला बोलला. तिथे जानराव नावाचा साठीतला माणूस होता. दम्यासाठी तीस वर्षं अफू खाणारा. बाचं ऐकून त्याने त्याच दिवशी सगळी विहिरीत फेकली. वऱ्हाडातला मे, आणि जुलाब. त्याला औषध म्हणून कोणी अफू चोरून पाजली नाही. चांगला माणूस होता, त्याला चोर मुलगा नव्हता. पाचव्या दिवशी मेला.

बातमी मला दवाखान्यात कळली. मी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, पातूरला एक जण अफू सोडून मेला. असं होतं का?"

"होणारच. म्हातारा, उन्हाळा, जुलाब," डॉक्टर नाडी मोजता मोजता म्हणाले. "एकदम सोडतात का कोणी? उतरवत आणायची असते, रोज थोडी थोडी. साधी गोष्ट आहे. पुस्तकात दिलंय."

"कोणत्या पुस्तकात?"

त्यांनी मानेनेच कपाटाकडे खूण केली. ज्या स्टुलावर बसून मी पुड्या बांधायचो, त्यापासून दहा हातांवर ते पुस्तक होतं. या माणसाला ऑक्टोबरात हे माहीत होतं. मी रडत उभा होतो तेव्हाही माहीत होतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही! मी एप्रन काढून टेबलावर टाकला.

"साहेब, तुम्ही बोलले असते तर तो माणूस जगला असता."

"आणि तू?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "माझ्या बाटलीतलं टिंक्चर कुठे गेलं ते मला कळलं नाही असं वाटतं तुला? बापाला देत होतास. बरा झाला, म्हणून मी गप्प राहिलो. तूही गप्प राहिलास. आता माझ्यावर कशाला ओरडतोस?"

त्या माणसाचा मला जितका राग आला तितका आजवर कोणाचा आला नाही. आणि तो खरं बोलत होता, म्हणून आणखीच आला.

दुसऱ्या दिवशी पातूरला जानरावची शोकसभा होती. बाला बोलायला बोलावलं होतं. सकाळी बा नीळ दिलेला पांढरा सदरा घालत होता, मी त्याची बटणं लावत होतो. शेवटचं बटण लावून सांगितलं, सगळं. टिंक्चर, खडू, पट्टी, एकवीस दिवस.

बाने हात उचलला. डाव्याने मारायचं त्याला सुचलं नाही, थोट्यानेच मारलं. गालाला हाड लागलं.

"म्हंजे मी सोडलीच नाई?"

"सोडली बा. पण एका दिवसात नाही. एकवीस दिवसांत."

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगितलं असतं तर घेतली असती?"

"नसती घेतली."

"मग मेला असता तू."

"मंग मेलो असतो!" बा ओरडला. "पन जानराव जगला असता! माह्या तोंडानं मारलं तू त्याले. शील माहं व्हतं, मोडाचं असतं तं मी मोडलं असतं. तू कोन चोरून मोडनारा?"

माय भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "तुमी जगले, ते मले पुरे हाये." बाने तिच्याकडे जळजळीत पाहिलं. मग तो चपला घालून निघाला. मोटारीत तो पुढे बसला, मी मागे. पातूरपर्यंत त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

सभा जानरावच्याच आंगणात, मांडवाखाली होती. समोर त्याची बायको ललिताबाई बसली होती, डोळे कोरडे ठाक. धर्मपाल बोलला. चांगला बोलायचा तो. जानरावने शीलासाठी देह ठेवला, असा मरण्याचा मान कितीकांना मिळतो, असं म्हणाला. ललिताबाईच्या हातात हार दिला आणि तिच्याकडून तथागतांच्या तसबिरीला घालून घेतला. मग म्हणाला, "आता ज्याच्यापासून जानरावदादांनं हे बळ घेतलं, ते पुंजारामदादा."

बा उठला. या वेळी थोटा हात वर केला नाही.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मले ठाऊक नव्हतं, पन बोललो. मी अफू एका दिवसात नाई सोडली. माहा पोट्टा दवाखान्यात हाये. त्यानं जुलाबाच्या औषधात चोरून अफू पाजली मले, अन् रोज कमी कमी केली. एकवीस दिवस. मी उठून बसलो ते शीलानं नाई, अफूनंच. जानराव माहं आयकून मेला."

मांडवात गलका उठला. मागून कोणी ओरडलं, "पैसे कोनाचे खाल्ले रे थोट्या?" धर्मपालने बाचा दंड धरला. "दादा, खाली बसा. तुमची तब्येत बरी नाई." बाने तो हात झटकला. तेवढ्यात ललिताबाई उठली आणि गलका आपोआप बसला.

"कोनता पोट्टा तुमचा?"

मी उभा राहिलो.

"माह्या माणसाले थोडी थोडी दिली असती, तं तो वाचला असता?"

मला टाळता आलं असतं. म्हातारा होता, दमा होता, ऊन होतं. डॉक्टरांसारखं बोलायला मी त्यांच्याजवळ राहून चांगला शिकलो होतो. पण ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"बहुतेक वाचले असते," मी म्हणालो.

ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिने शेजारच्या घराकडे बोट केलं. "माहा देर, देवराव. भाऊ शीलासाठी मेला म्हनून त्यानंबी परवा सोडली. तिकडं पडून हाये, कालपासून पानी ठरत नाई पोटात. त्याच्या बायकोले म्हने, फेकून दे. तिनं फेकली नाई. चुलीमांगं दडवली हाये. चाल, पाह्य त्याले."

आम्ही निघालो. सगळा मांडव आमच्या मागे. देवरावच्या दारात धर्मपाल आमच्या आधी जाऊन उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मला आता वाटतं, तोही बिचारा भ्यालाच होता. तेव्हा वाटलं नाही. तेव्हा त्याला ओढून बाजूला फेकावंसं वाटलं.

"दादा, पाया पडतो," तो बाला म्हणाला. "मले दुसरं काई बी सांगा. पन साऱ्या गावासमोर आपल्याच हातानं अफू चारली, तं उद्या आपल्या शीलाले कोन विचारीन? लोक हासतीन. ते नत्थुजीसारखे तं टपूनच बसले हायेत."

आतून देवरावचं कण्हणं ऐकू येत होतं. बाने ते ऐकलं. काय दुखत असेल ते तिथे उभ्या असलेल्यांत फक्त त्यालाच कळत होतं.

"पयलं शील कोनतं रे?" बाने विचारलं.

"दादा..."

"सांग. तू शिकलेला हायेस."

धर्मपाल पुटपुटला, "पाणातिपाता वेरमणी..."

"मराठीत सांग. साऱ्याईले कळंन असं."

"कोणाचा जीव घेणार नाही."

"अन् नशेचं?"

"पाचवं."

"मंग पाचव्यासाठी पयलं नोको मोडू. सरक."

धर्मपालने चौकटीवरचे हात काढले.

आत देवराव गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, ओठ पांढरे पडलेले. त्याची बायको चुलीमागून डबी घेऊन आली. बाने ती डाव्या हातात घेतली. सात महिन्यांनी त्याच्या हातात अफू आली होती. एका हाताने ती कापता येत नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा.

"काप," तो म्हणाला. "अन् कितीक द्याची, कशी कमी कराची, ते मोठ्यानं सांग. भायेरच्यांले आयकू गेलं पाह्यजे."

मी विळ्यावर गोळी कापली आणि मोठ्याने सांगितलं. रोजची केवढी होती ते आधी त्याच्या बायकोला विचारलं. मग म्हणालो, आज रोजच्या निम्मी, आणि मीठ-गूळ घातलेलं पाणी घोटाघोटाने. तीन दिवस तेवढीच. मग दर दोन दिवसांनी त्यातली चिमूटभर कमी. फार दुखलं तर त्या दिवशी कमी करायची नाही. घाई करायची नाही. तीन आठवडे, फार तर महिना. मग सुटते.

एक म्हातारा चौकटीतून आत वाकून "दोन दिवसांनी का तीन?" असं विचारत होता, त्याच्याही कनवटीला डबी असावी. बाने देवरावचं डोकं थोट्या हातावर तोलून धरलं होतं आणि त्याची बायको पाणी पाजत होती. ललिताबाई दाराशी उभी राहून माझा शब्द न् शब्द ऐकत होती. ओठांतल्या ओठांत तिने ते पुन्हा म्हणून पाहिलं, निम्मी, मग चिमूटभर कमी, मग चिमूटभर कमी. मग माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच व्हतं?" ती म्हणाली.